भूगोल कशाला घेतलास?

(बी. ए. तृतीय वर्ष)

मार्च २०२० मध्ये मी दहावीच्या परीक्षेला बसलो होतो. सगळे पेपर झाले, इतिहासाचाही झाला, आणि भूगोलाचा तेवढा राहिला. तो २३ मार्चला व्हावयाचा होता. कोरोनाची साथ आली, पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये तो रद्दच झाल्याचे जाहीर झाले. इतर विषयांत पडलेल्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण द्यावेत असे ठरले. खोटे कशाला सांगू? मला आनंद झाला. नकाशा भरायचा नाही, ब्राझीलच्या नद्या पाठ करायच्या नाहीत, सुटलो! जुलैअखेर निकाल लागला तेव्हा न लिहिलेल्या भूगोलात मला बऱ्यापैकी गुण होते. माझे मराठी, गणित आणि विज्ञान यांनी मिळून माझा भूगोलाचा पेपर सोडविला होता.

साथीच्या त्या दिवसांत शासनाने दुसरे काय करावयास हवे होते, असा माझा प्रश्न नाही. जीव महत्त्वाचा. पण एक गोष्ट तेव्हापासून मनात सलते. राज्यातल्या लाखो विद्यार्थ्यांचा एक पेपर झालाच नाही, आणि आमच्या घरात, गल्लीत, शाळेत कोणालाही आपले काही बुडाले असे वाटले नाही. गणिताचा पेपर राहिला असता तर घरोघर काळजी पसरली असती. भूगोल राहिला, तर लोक म्हणाले, बरे झाले, भूगोलच राहिला.

त्याच वर्षी, ऑगस्टच्या सुमारास, अकरावीचा अर्ज भरण्याची वेळ आली. कला शाखेला जायचे हे घरच्या परिस्थितीने ठरविले होते. विषय निवडणे तेवढे माझ्या हातात होते. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र ही नावे डोळे मिटून लिहिण्याची आमच्याकडे पद्धत आहे. भूगोलासमोर मी खूण केली ती का, हे सांगताना आता संकोच वाटतो. गावातल्या एका बारावी झालेल्या मित्राने सांगितले होते की भूगोलाला ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, वही नीटनेटकी ठेवली की ते वीस गुण खिशात. हा माझ्या भूगोलप्रेमाचा उगम! वाचकांनी हसावयास हरकत नाही. कारण आज भूगोल घेणाऱ्यांपैकी निम्मे तरी याच वाटेने आलेले असतात आणि उरलेले अर्धे स्पर्धा परीक्षेत भूगोलावर प्रश्न असतात म्हणून आलेले असतात.

अर्ज दिला आणि चार दिवसांनी निरोप आला की भूगोलाला पुरेशी मुले नाहीत, दुसरा विषय लिहून द्या. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात होतो त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. हे पुष्कळ ठिकाणी घडते. मुले नाहीत म्हणून विषय बंद, आणि विषय बंद म्हणून पुढल्या वर्षी मुले नाहीत. आम्ही तिघांनी मग तोंडाला रुमाल बांधून आसपासच्या खेड्यांतून नावे गोळा केली. मतदानाला निघावे तसे दारोदार फिरलो. वीस गुणांचे आमिष दाखविले. विषय वाचला.

घरी आबांना कळले तेव्हा ते बाजेवर बसून विळ्याला धार लावीत होते. म्हणाले, "आरं, भूगोल घेऊन काय करायलास? गाव का पळून चाललंय, कुठं हाय ते शिकायला?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे. माझे म्हणणे एवढेच आहे की सोनपेठसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, ज्यांची घरे पावसावर आणि गंगेवर चालतात अशा मुलामुलींनी भूगोल हा शेवटी उरलेला विषय म्हणून घेऊ नये. इतर कोणी घेतला नाही तरी आपण घ्यावा.

बारावीच्या वर्षी श्रावणात एका रात्री आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी आबांबरोबर वावरात गेलो तर सोयाबीन दिसत नव्हते, पाणी दिसत होते. बांध फुटले होते. नुकसानभरपाईसाठी आबा कचेरीत गेले. तेथे त्यांना समजले की अतिवृष्टी ही डोळ्यांनी ठरत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. आमच्या मंडळाचे हवामान केंद्र दुसऱ्या गावी, आणि त्या रात्री त्या गावात नुसती रिमझिम. कागदावर आमच्याकडे अतिवृष्टी झालीच नव्हती. आबा घरी येऊन आईला म्हणाले, "पाऊस पडला आपल्या वावरात अन् मोजला दुसऱ्याच्या गावात."

पुढच्याच आठवड्यात वर्गात समपर्जन्य रेषा शिकविल्या गेल्या. सारख्या पावसाची ठिकाणे जोडणारी रेषा, ही व्याख्या मी दहावीपर्यंत किती वेळा पाठ केली असेल! त्या दिवशी मी सरांना विचारले की दोन पर्जन्यमापकांच्या मधल्या गावात किती पाऊस पडला हे रेषेला कसे कळते? सर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "कळत नाही. तेथे तो अंदाज असतो." त्यांनी फळ्यावर चार ठिपके काढले, त्यांच्यामधून एक रेषा ओढली, आणि दाखविले की पाचवा ठिपका मिळाला तर तीच रेषा किती सरकू शकते. वळवाचा पाऊस आणि मोसमातलाही गडगडाटी पाऊस एका बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. पण सरकारचा निर्णय ठिपक्यांवर होतो, आणि ठिपके किती असावेत, कोठे असावेत हा भूगोलाचा प्रश्न आहे, हे मला त्या तासाला कळले. मी आबांच्या नावाने अर्ज लिहिला. केंद्रापासून आमच्या गट नंबरचे अंतर लिहिले, भोवतालच्या मंडळांतील त्या रात्रीचे आकडे मागितले. अर्जाचा उपयोग झाला नाही. परंतु तो अर्ज वाचून तेथल्या एका गृहस्थांनी विचारले की हे कोणी लिहून दिले? आबा म्हणाले, "पोरानं. भूगोल हाय त्याला." हे वाक्य त्यांनी घरी आल्यावर दोनदा सांगितले.

२०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढावयाचा, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जावयाचे. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी तेव्हापासून दर हंगामात वावरोवार फिरतो. सोनपेठ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि साडेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. शाळेत हे आकडे पृथ्वीच्या गोलावरच्या काल्पनिक रेषा होते. आता त्या काल्पनिक रेषा बरोबर जुळल्या नाहीत तर सातबारावर कापसाची नोंद होत नाही. एका चुलत्यांनी मला विचारले होते, "बाबा, ही रेघ माझ्या वावरातून कोण ओढली?" मी त्यांना ग्रीनिचची गोष्ट सांगावयास लागलो आणि तेवढ्यात नेटवर्क गेले.

आता नदीविषयी. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. काठची जमीन ती गंगथडी. आपल्याच तालुक्यात थडी उक्कडगाव आहे, शेजारी गंगाखेड आहे, आणि आपल्या गावाच्या नावात पेठ आहे. गावांची नावे हा आमच्या पूर्वजांनी लिहून ठेवलेला भूगोल आहे, आणि तो वाचण्यासाठी पुस्तकही लागत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यात पूर आला तेव्हा गंगथडीची सोयाबीन आणि कापूस पाण्याखाली गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाईलवर जायकवाडीतून किती क्युसेक सोडले याचे निरोप येत होते. क्युसेक म्हणजे काय, असे मी आमच्या ओट्यावर विचारले तर पदवी झालेल्या दोघांनाही सांगता आले नाही. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अठ्ठावीस लाख लिटर, हे कळले की मनुष्य आपोआप गुरे सोडावयास उठतो.

पण त्याहून मोठी चूक दुसरी होती. सर्वांचे लक्ष एकट्या जायकवाडीकडे होते. माजलगावचे धरण सिंदफणेवर आहे. सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते, आणि मंजरथ आपल्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे आपल्या काठाला येणारे पाणी ही दोन धरणांची बेरीज असते. शिवाय गंगा दुथडी भरली की वाणेसारख्या लहान नदीचे पाणी तिच्यात उतरत नाही, ते मागे तुंबते. त्यामुळे ज्यांचे वावर गंगेपासून दूर आहे त्यांच्याही बांधाला पाणी लागते. ही बेरीज करावयास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. नकाशा समोर ठेवून कोणती नदी कोणाला कोठे मिळते एवढे पाहावे लागते. दहावीत मी ब्राझीलची ॲमेझॉन पाठ केली होती. सिंदफणा मला कोणी विचारली नव्हती.

ब्राझीलवर माझा राग नाही, हे येथे सांगितले पाहिजे. दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करते, आणि तुलना ही शिकण्याची उत्तम रीत आहे. त्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंत मुले प्रवास करतात, वाटेत जमीन, माती, पिके, पाऊस कसा बदलतो ते पाहतात, प्रश्न विचारतात. पुस्तक लिहिणाऱ्यांनी आपले काम केले होते. आम्ही ती क्षेत्रभेट वर्गात बाकावर बसून वाचली आणि तिच्यावरची प्रश्नोत्तरे उतरून घेतली. वाण नदी पायी जाण्याच्या अंतरावर होती.

परळीचे उदाहरण घ्या. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे हे पोराटोरांनाही माहीत असते. पण तेथे ना कोळशाची खाण, ना भरवशाची नदी. कोळसा रेल्वेने बाहेरून येतो, आणि पाण्यासाठी आपल्या तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्याकडे पाहावे लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले होते. बी. ए. ला आल्यावर आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताचा १९०९ सालचा उद्योगांच्या स्थानाचा सिद्धान्त आम्ही शिकलो. कच्चा माल, वाहतूक, मजुरी वगैरे. परीक्षेत तो त्रिकोण काढून सगळ्यांनी गुण मिळविले. पण सोनपेठच्या विद्यार्थ्याने वेबर लिहिताना परळी आणि खडका लिहिले नाही, तर त्याने वेबर वाचला असे म्हणावे काय? उन्हाळ्यात नदीचे पाणी पिकाला द्यावे, गावाला द्यावे की विजेला, हा वाद आपल्या दारात होता. त्यावर बोलणारे सगळे बाहेरचे होते.

हीच गोष्ट वरच्या धरणांची. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्यानंतर नाशिक-नगरकडे वर पाणी अडत गेले आणि खाली ते कमी येऊ लागले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटावे हे तत्त्व आणले. पुढे मेंढेगिरी समितीच्या सूत्रात जायकवाडीच्या ६५ टक्के साठ्याचा आकडा आला, आणि त्या एका आकड्यावर वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, खटले चालले. वरचा आणि खालचा हा झगडा आहे. आपण खालचे. खालच्या माणसाला वरचा नकाशा पाठ असावयास हवा, एवढे तरी आपल्याला पटावे.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील ते मला माहीत आहेत. पहिला नोकरीचा. भूगोल घेऊन नोकरी लागते काय? लागेलच असे नाही. पण समाजशास्त्र घेऊन तरी कोठे रांग लागली आहे? उलट जमीन मोजणी, उपग्रहाची छायाचित्रे, संगणकावरचे नकाशे ही कामे वाढत आहेत आणि तेथे नकाशा वाचता येणारा माणूस लागतो. तरीही नोकरीसाठी भूगोल घ्या असे मी कोणाला सांगणार नाही; मी वीस गुणांसाठी घेतला होता, तेव्हा उपदेशाचा अधिकार मला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. भूगोल ज्या रीतीने शिकतो त्या रीतीने तो शिकून काय उपयोग? येथे आपण विद्यार्थी आणि, प्राध्यापक महोदय क्षमा करतील, थोडे आपणही दोषी आहात. प्रात्यक्षिकाच्या वह्या गेल्या वर्षीच्या वह्यांवरून उतरतात, आणि त्या गेल्या वर्षीच्या वह्या त्याच्या आदल्या वर्षीच्या. समोच्च रेषांची तीच टेकडी आमच्या तालुक्यात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे! ती टेकडी कोठे आहे हे कोणी विचारत नाही. लोलकीय होकायंत्र कपाटातून परीक्षेच्या दिवशी बाहेर येते. १४ जानेवारीला, प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या जन्मदिनी, भूगोल दिन साजरा होतो; प्रतिमापूजन, दोन भाषणे, आणि संक्रांत असल्यामुळे तिळगूळ. तिळगूळ चांगला असतो. पण त्या दिवशी एखादा वर्ग वाणेच्या पात्रात उतरून वाळू किती आणि गाळ किती एवढे पाहून आला, तर प्रा. देशपांड्यांना ते अधिक आवडले असते, असा माझा समज आहे. त्यांनी महाराष्ट्राच्या भूगोलावर पुस्तक लिहिले, ते खोलीत बसून लिहिलेले नाही.

बारावीनंतर एक वर्ष माझे शिक्षण थांबले होते. आबांचे दुखणे आणि जिनिंगवरची मजुरी यांत ते गेले. पुन्हा आलो तेव्हा भूगोलच घेतला, आणि या वेळी वीस गुणांसाठी नाही. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात मी आमच्या शिवारातल्या नऊ विहिरींचे पाणी मोजावयाचे ठरविले. साधन काय, तर सुतळी, तिला हातहातावर गाठी, टोकाला दगड. आबा सुतळी धरीत, मी गाठी मोजीत असे. पाच विहिरींत दगड कोरडा वर आला. एके ठिकाणी आबांनीच मला थांबवून दाखविले की काळी माती कोठे संपते, मुरूम कोठे लागतो आणि झरा त्या दोहोंच्या मधून कसा येतो. पुस्तकात याला भूजल पातळी वगैरे म्हणतात, ते "पाण्याची शीर" म्हणतात. चोपण जमीन कोणती, बरड कोणती, कोणत्या नक्षत्राला नाला वाहतो, हे सगळे त्यांना येते. मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस त्यांच्या तोंडी आहे. शाळेत गेले असते तर भूगोलात ते माझ्यापेक्षा हुशार निघाले असते, असे मी त्यांना म्हटले. ते म्हणाले, "पण घेऊ कोण दिला असता?"

ऑक्टोबर २०२५ मध्ये, पूर ओसरल्यावर, त्याच नऊ विहिरी आम्ही पुन्हा मोजल्या. सगळ्या तुडुंब. ते आकडे वहीत आहेत. ही वही कोणाच्या वहीवरून उतरलेली नाही, म्हणून तिच्यात खाडाखोड फार आहे.

माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिच्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द होणार नाही, याचे तिला वाईट वाटते. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, परंतु विषयांचा कागद शेवटी महाविद्यालयातच भरावा लागतो, आणि मुले पुरेशी नसली तर भूगोल बंद करण्याची भाषा आमच्याकडे पुन्हा निघाली आहे. तिच्या वर्गातल्या मुलींना विचारून तिने आतापर्यंत सात नावे लिहून घेतली आहेत. सातांनी भागणार नाही. ज्यांच्या घरी यंदा दहावीचे कोणी आहे त्यांनी जूनच्या आत त्याला किंवा तिला एकदा विचारून पाहावे, आणि नाव आमच्याकडे कळवावे. वीस गुणांचे आमिष दाखविले तरी चालेल.